फाटकापुढं वाचलेला अहवाल

भाव केल्याशिवाय मी आयुष्यात मेथीची जुडी घेतली नाही. पालमकडच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या घरात जन्मलो, चौथीत शाळा सुटली, परभणीच्या मोंढ्यात, धान्य-कापसाच्या बाजारात, हमाली केली आणि पाठीवरची पोती उतरवता उतरवता कापूस हातानं ओळखायला शिकलो. पुढं पिंगळीच्या रस्त्याला स्वतःचं जिनिंग टाकलं. या सगळ्यात मला कुणी काही फुकट दिलं नाही आणि मीही कुणाला दिलं नाही. असा मी, मोंढ्यामागं सायकलच्या दुकानावर दोन खोल्यांत बसणाऱ्या दोन माणसांपुढं सौद्यात हरलो, तेही एकदा नाही. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तरी या जिल्ह्यात धंदा करताना सगळ्यात सरळ माणसं कोण पाहिली, असं कुणी विचारलं तर मी त्यांच्याकडंच बोट दाखवीन.

त्यांच्या कंपनीला इंग्रजी नाव होतं. मोंढ्यात सगळे त्यांना ‘सल्लेवाले’ म्हणायचे. सल्ला विकत घ्यायची गोष्ट आमच्याकडं नवी होती. “सल्ला तर पारावर फुकट मिळतो, वरून चहा पाजतेत,” असं माझा मुकादम म्हणायचा. दोघांपैकी एक सर. कॉलेजातली पक्की नोकरी सोडून त्यांनी हा उद्योग काढला होता. दुसऱ्या बाई, सरांच्याच विद्यार्थिनी, वालूरकडच्या, रसायनशास्त्र शिकलेल्या. तेलाच्या गिरण्या, डाळीच्या गिरण्या, जिनिंग, अशा लहान कारखान्यांत जाऊन ते बघायचे, की आग लागली तर काय होईल, घाण पाणी कुठं जातं, कामावरच्या माणसांना काय सोसावं लागतं. मग अहवाल द्यायचे.

त्यांच्या दोन रीती होत्या. पहिली अशी, की अहवाल टाइप करून मालकाच्या हातात देण्याआधी तो कारखान्याच्या फाटकापुढं, सगळ्या कामगारांसमोर, मराठीत मोठ्यानं वाचायचा. वाचून झालं की सर विचारायचे, “कुणाला काही म्हणायचंय?” ज्याला खोडायचं त्यानं तिथंच खोडायचं. दुसरी रीत त्याहून विचित्र. दर दिवाळीनंतर ते स्वतःच्याच वागणुकीचा एक कागद काढायचे आणि गिऱ्हाइकांना वाटायचे. एक प्रत खाली सायकलवाल्याच्या भिंतीला चिकटवायचे. त्यात असं असायचं: ‘यंदा शक्य तिथं एसटीनं गेलो. पालमला तीनदा जीप केली, त्यातल्या एकदा गरज नव्हती.’ किंवा, ‘एका तेलगिरणीला घाण पाणी रस्त्यावर सोडू नका असं सांगितलं. आमच्या मोरीचं पाणी रस्त्यावरच येतं. नळी बसवायची राहिली आहे.’ पंक्चर काढायला आलेली माणसं ते वाचून हसायची. पुढच्या वर्षीच्या कागदात नळी बसलेली असायची. हसणाऱ्यांच्या ते ध्यानात यायचं नाही, माझ्या आलं होतं.

मला त्यांची गरज पडली ती एका सूतगिरणीमुळं. गिरणी दूर दक्षिणेकडची. तोवर माझ्या रुईच्या सगळ्या गाठी मोंढ्यातला एक अडत्या घ्यायचा. तो लोडाला टेकून बसायचा आणि मी बाकड्याच्या टोकाला. कधीकाळी त्याच्याच दुकानात मी पोती वाहिली होती, आणि हे तो चारचौघांत आठवणीनं सांगायचा. सूतगिरणी थेट माझ्याकडून घ्यायला तयार झाली. मात्र तिच्या गोदामात पूर्वी कधी आग लागली होती, म्हणून बाहेरच्या जाणकारानं कारखाना तपासल्याचा अहवाल हवा होता. आग, यंत्रं, धूळ, कामगारांची सोय, सगळं त्यात पाहिजे. अहवाल नीट झाला तर पूर्ण हंगामाचा माल गिरणीला. नाही तर पुन्हा तेच बाकडं.

फीची घासाघीस करायला मी बाह्या सरसावूनच गेलो होतो.

“फी कमी करायची तर बघू,” सर म्हणाले. “अहवालातल्या ओळी कमी होणार नाहीत.”

“ओळी मला कशाला कमी पाहिजेत?” मी म्हणालो आणि फी पाडून घेतली.

तीन दिवस ते जिनिंगात होते. सर छपरावर चढले, पट्ट्यांखाली वाकले. बाई कापूस निवडणाऱ्या बायांच्या ओळीत जाऊन बसल्या. त्यांनी एक पांढरं धुतलेलं फडकं दोरीवर टांगलं आणि पाळी संपल्यावर मला दाखवलं. त्यावर बोटानं लिहिता यावं इतकी रुईची बारीक कूस बसली होती.

“हे त्यांच्या छातीत जातं, शेठ.”

“मीबी तेच खाऊन मोठा झालो, ताई.”

“म्हणूनच खोकताय,” त्या म्हणाल्या. मला राग आला, कारण मी त्याच वेळी खोकला दाबत होतो.

धुळीसाठी वेगळी खोली, तोंडाला बांधायला फडकी, वाळूच्या बादल्या, आगीसाठी उंचावर पाण्याची टाकी, हे सगळं मी मान्य केलं. बादल्यांच्या संख्येवर थोडं भांडलो, पण ते सवयीनं. अडलं ते पाण्यावर. माझ्या जिनिंगात दोन रांजण होते. एक निंबाखाली, त्यावर झाकण आणि ग्लास. तो गावातल्या बायांचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या घरातल्या. दुसरा भिंतीकडंला, पत्र्याचा डबा टाकलेला, तो दलित वस्तीतल्या बायांचा. सरांनी मला आधी सांगितलं, की ही गोष्ट अहवालात आहे आणि परवा फाटकापुढं वाचली जाईल. गिरणीचा माणूसही त्या दिवशी येणार होता. मी तडक त्यांच्या ऑफिसात गेलो.

“सर, पाण्याची ओळ काढा.”

“का?”

“रांजण मी ठेवले न्हाईत. मुकादमानं ठेवले. बायांनीच ठेवायला लावले. आजवर एकीची तकरार न्हाई.”

“त्यांना कुणी विचारलं होतं?” बाई म्हणाल्या.

“ताई, गावोगाव काय चाललंय तुमाला दिसंना का? विद्यापीठाच्या नावावरून माणसं एकमेकांच्या वाटेनं जाईनात. त्यात मी रांजण हलवू? उद्या माझं जिनिंग पेटलं तर तुमच्या वाळूच्या बादल्यांनी विझंल का?”

“हे तुमचं म्हणणं मी लिहून घेतो,” सर म्हणाले. “तेही वाचू.”

माझं डोकं फिरलं. मी उठून उभा राहिलो. तेवढ्यात त्यांच्याकडं झाडलोट करणाऱ्या मावशी काम आटपून दारात टेकल्या आणि त्यांनी खिडकीतला एक ग्लास उचलून पुढं धरला. बाईंनी बोलता बोलता तांब्या घेतला आणि वरून पाणी ओतलं. मोंढ्यात वाढलेल्या माणसाची नजर बोलणं चालू असतानाही मालावर असते.

“मावशे,” मी विचारलं, “ह्यो गिलास कुणाचा?”

“माजाच की.”

“अन् ह्यांचे?”

“त्ये काय, ताटलीत पालथे हायेत न्हवं.”

मी खाली बसलो. आता सौदा माझ्या हातात होता.

“बोला सर. माझ्या जिनिंगात दोन रांजण, तुमच्या हापिसात दोन गिलास. तुमी माझी ओळ गाळा. मी तुमचा गिलास बघितलाच न्हाई.”

सरांनी चष्मा काढला आणि नुसताच हातात धरला. बाईंचा चेहरा लाल झाला होता. “पाच वर्षं मीच ओततेय,” त्या म्हणाल्या, “रोज.” मग त्यांनी पेन्सिल ओढली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

“शेठ, तुमचे उपकार झाले,” सर म्हणाले.

“उपकार राहू द्या. ओळ काढा.”

“दोन्ही ओळी वाचू. आमची आधी.”

इतका चांगला सौदा कुणी असा वाया घालवलेला मी पाहिला नव्हता. जाताना मी त्यांना नको ते बोललो. त्यातलं काही इथं लिहिण्यासारखं नाही.

ठरल्या दिवशी दुपारी पाळी बदलताना फाटकापुढं सगळे जमले. गिरणीच्या माणसाला खुर्ची दिली होती. सरांनी कागद उघडला आणि पहिलंच वाक्य वाचलं: “आमच्या ऑफिसात झाडलोट करणाऱ्या मावशींचा पाण्याचा ग्लास आम्ही पाच वर्षं वेगळा ठेवला. ही आमची चूक. ती आमच्या ध्यानात आली नाही, या कारखान्याच्या मालकांनी दाखवून दिली.” बायांत कुजबूज झाली. माझ्याकडं माना वळल्या. मुकादम माझ्या कानाशी म्हणाला, “मालक, तुमी लय मोठं काम केलं म्हणं.” त्यानंतर माझे दोन रांजण वाचले गेले, आणि माझं म्हणणंही, शब्दन् शब्द.

“कुणाला काही म्हणायचंय?” सरांनी विचारलं.

बाया कामाकडं वळल्या. सरांनी सगळं हिंदीत समजावल्यावर गिरणीच्या माणसानं घड्याळ बघितलं आणि मोडक्या हिंदीत मला सांगितलं, की महिन्यानं येतो, तोवर पाण्याचं बघा.

त्या दोघांचं खरं काम मी पाहिलं ते त्या महिन्यात. ओळ लिहून ते मोकळे झाले नाहीत. बाई दर आठवड्याला यायच्या. रांजण हलवायचा नाही, रांजणच नको, ही कल्पना त्यांची. आगीसाठी टाकी बांधायचीच होती. तिच्यातूनच नळ काढून भिंतीला तीन तोट्या बसवायच्या, ग्लास नाही, डबा नाही, ओंजळीनं प्यायचं. नकाशा त्यांनी काढला, गवंड्याशी भांडल्याही त्याच, आणि टाकीला झाकण बसवलं नाही म्हणून मला चार माणसांत बोलल्या. त्याची फी घ्या म्हटलं तर म्हणाल्या, “आमच्या वाक्यानं तुमचं काम वाढलं. हे आमच्याकडं लागलं.”

तोट्या बसल्या. पहिले दोन दिवस गावातल्या बायांनी घरून तांबे आणले. तिसऱ्या दिवशी ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि तांबे दुपारच्या आत रिकामे झाले. मग एकीनं युक्ती काढली. चुलीतली राख फडक्यात बांधून आणली, तोटी घासली, धुतली आणि मग पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी सगळ्या तेच करायला लागल्या. वस्तीतली बाई पिऊन गेली की तोटीला राख.

मी सरांना आधीच गाठलं. “सर, एवढंच लिवा की पाण्याची जागा एक झाली. खरं हाय का न्हाई?”

“खरं आहे. आणि तोटी घासतात ते?”

“ते स्वच्छतेच्या रकान्यात टाका. राखेनं घासत्यात, ह्याहून स्वच्छ काय असतंय?”

बाई हसल्या. सरही हसले. मला वाटलं, जमलं. पण महिना भरल्यावर फाटकापुढं सरांनी वाचलं: “पाण्याची जागा एक झाली आहे. टाकी चांगली बांधली आहे. गावातल्या बाया मात्र वस्तीतल्या बायांनी हात लावलेली तोटी राखेनं घासून मग पाणी पितात.” आणि नेहमीप्रमाणं विचारलं, “कुणाला काही म्हणायचंय?”

वस्तीतली एक उंच बाई होती. कापूस निवडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं तोंडावरचं फडकं गळ्यात ओढलं. “बरूबर वाचलं,” ती म्हणाली. “घासत्यात. आमाला दिसतंय, पर आमी कुणाला सांगावं? आज कागदानंच सांगितलं.”

गावातल्या बायांतून एक आवाज आला, “राख आमच्या घरची हाय, तुजं काय जायलंय?”

“माजं काय जायलंय त्ये तुला न्हाई कळायचं, बाय.”

मुकादमानं मध्ये पडून बायांना आत पाठवलं. गिरणीच्या माणसाला भाषा कळली नव्हती, म्हणून याही वेळी सरांनी त्याला सगळं हिंदीत सांगितलं, एक शब्द न गाळता. तो विचारात पडला. यंदा निम्मा माल घेतो, म्हणाला, बाकीचं पुढच्या वर्षी बघू. उरलेल्या निम्म्या गाठी घेऊन मी त्या अडत्याकडं गेलो. तो लोडाला टेकून म्हणाला, “या शेठ, तोट्या कशा हायेत?” मोंढ्यात बातमी पोचली होती. त्या दिवशी बाकड्यावर बसून मी सल्लेवाल्यांना जे शाप दिले, त्यातले काही अजून परत घेतलेले नाहीत.

राखेचा प्रकार कसा थांबला ते सांगायला हवं, कारण त्याचं श्रेय माझं नाही. त्यांचंही नाही, असं ते स्वतःच म्हणायचे. पंधरा-वीस दिवसांनी ती उंच बाई कामावर येताना स्वतःच्या घरची राख घेऊन आली. गावातली बाई तोटी घासून, पाणी पिऊन बाजूला झाली, की हिनं पुढं होऊन तीच तोटी पुन्हा राखेनं घासली आणि मग ओंजळ धरली.

“अगं, तू का घासायलीस?”

“तुमी आमची घासता, आमी तुमची घासू. तुमी काय खाऊन येता, आमाला काय ठावं?”

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या सगळ्या बायांनी राख आणली. सुट्टी पाण्यापाशीच संपायला लागली. शिव्या झाल्या, रडारड झाली. दोघी-तिघी हसायलाही लागल्या. मी काय करत होतो? वजनकाट्याच्या खोलीत दार लावून बसलो होतो. बाहेर भडकलं तर गाव पेटायला वेळ लागणार नव्हता, आणि माझी बोलायची छाती झाली नाही. मुकादम आत येऊन म्हणाला, “मालक, भिताड राखेनं काळं झालंय अन् मोरी तुंबलीय. कोन आधी थांबतंय त्येच कळंना.” आठवड्यानं दोन्हीकडच्या कंटाळल्या. आधी कोण थांबलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढच्या हंगामाआधी सर-बाईंनी पुन्हा तपासलं आणि फाटकापुढं वाचलं: “आता कुणी तोटी धूत नाही. गावातल्या दोन बाया अजून घरून पाणी आणतात.” ती दोघींची ओळसुद्धा त्यांनी सोडली नाही. पण गिरणीनं पूर्ण माल घेतला, आणि पुढं कितीतरी वर्षं घेत राहिली. अडत्याच्या दुकानाची पायरी मी त्यानंतर चढलो नाही.

त्यांच्या स्वतःच्या कागदात मावशींचा ग्लास पहिल्या वर्षी असा आला: ‘ग्लास सगळ्यांचे एक करायचे ठरवले. मावशी नको म्हणाल्या. बाकीच्या घरांत कळलं तर तिथलं काम जाईल, असं त्यांचं म्हणणं. प्रगती नाही.’ भिंतीला चिकटवलेल्या त्या दोन शब्दांपुढं मी बराच वेळ उभा होतो. मोंढ्यात मी कितीतरी फलक वाचले होते, उत्तम माल, रास्त भाव. ‘प्रगती नाही’ असं स्वतःबद्दल लिहून भिंतीला लावणारा धंदेवाला मी पाहिला नव्हता. पुढच्या वर्षी लिहिलं होतं: ‘मावशी आता बाकावर बसून आमच्यासोबत चहा घेतात. चहा सर करतात. साखर जास्त पडते, अशी मावशींची तक्रार आहे.’

त्याच कागदात खाली माझ्याबद्दल होतं. नाव नव्हतं. ‘एका जिनिंगच्या मालकांचं आमच्या एका वाक्यामुळं अर्ध्या हंगामाचं नुकसान झालं. वाक्य खरं होतं. नुकसानही खरं आहे. यावर काय करावं, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.’

कागद मुठीत घेऊन मी वर गेलो. “नुकसान झालं म्हणता, मग अर्धा हंगाम म्हंजी किती ते लिवा. मोघम का? माझ्या तोंडचा घास गेलाय. आकडा येऊ द्या कागदावर.”

बाईंनी लगेच पेन्सिल घेतली. सर म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. आकडा सांगा, दुरुस्ती काढू. पण आपली रीत तुम्हाला माहीत आहे शेठ. कारखान्याची गोष्ट आहे, आधी तुमच्या फाटकापुढं वाचावी लागेल.”

त्यांनी ते मला अडवायला म्हटलं नव्हतं. त्यांना डावपेच येत नव्हते, हीच तर माझी अडचण होती. फाटकापुढं उभ्या राहिलेल्या सगळ्या बाया माझ्या डोळ्यांपुढं आल्या. ती उंच बाईही आली. सर आकडा वाचतील, मालकांना हे वाक्य इतक्याला पडलं असं सांगतील, आणि मग विचारतील, कुणाला काही म्हणायचंय? ती फडकं गळ्यात ओढील. तिला तो पत्र्याचा डबा किती वर्षं किती महाग पडला, याचा आकडा तिच्याकडं असणार, आणि तो माझ्याहून मोठा असणार.

बाई पेन्सिल धरून वाट बघत होत्या. आकडा मला तोंडपाठ होता, आजही आहे.

“राहू द्या,” मी म्हणालो, आणि पुढच्या हंगामाच्या तपासणीला कधी येता ते विचारलं.